एमजीबीचे पिस्टन: खोलगट की सपाट?

अंबडच्या वर्कशॉपात एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसी इंजिन खोललंय. टेबलावर दोन पिस्टन. खोलगट माथ्याचा म्हणजे मूळचा, त्याचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.८:१; सपाट माथ्याचा हा रेशो १० च्या आसपास नेतो. सपाटचा पिकअप झकास, तेवढ्याच पेट्रोलमधून ताकदही जरा जास्त. पण मे महिन्यात कसारा घाट टॉप गिअरमध्ये चढवून बघा, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर नॉकिंग सुरू होतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागतं. मग टायमिंग मागे घ्या, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडा, म्हणजे कमावलेलं गमावा! जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कायम परवडत असेल तर गोष्ट वेगळी. त्यात फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन घेतला तर क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, जास्त ठेवावा लागतो; सकाळी थंड इंजिन टकटक करतं, शेजारी जागे.

मी खोलगटच बसवतोय. रविवारी त्र्यंबकला जाऊन यायला पुरे. सिलिंडर हेड घासून घेणार असाल तर त्यातल्या चेंबरचं (मिश्रण जळतं त्या पोकळीचं) माप घ्या, रेशो तिथेही गुपचूप वाढतो.