‘बोर्ड गेलाय’ म्हणून सात हजार घेतले, बदललं होतं फक्त एक सेटिंग

माझी लेक कराडला कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलसाठी लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची होती. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल सुरू केलं तर मध्येच सूचना आली, की या मशीनमध्ये इंटेलचं आरएसटी (डिस्क हाताळणारी व्यवस्था) चालू आहे, ते बंद केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तिनं लॅपटॉप बंद केला, चालू करताना एफ-टू दाबलं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेली आणि साटा ऑपरेशन, म्हणजे डिस्क कोणत्या पद्धतीनं जोडायची, त्यापुढचं ‘रेड (RAID) ऑन’ बदलून दुसरी पद्धत ‘एएचसीआय’ केली. बदलताना तांबड्या अक्षरांत इशारा आला होता, तिनं ‘येस’ दाबलं. त्यानंतर विंडोज सुरूच होईना. निळा पडदा, खाली ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, पुन्हा आपोआप रीस्टार्ट, पुन्हा तोच निळा पडदा.

पोरगी रडकुंडीला आली. “पप्पा, मी मोडला लॅपटॉप.” चोपन्न हजारांचा लॅपटॉप, हप्ते अजून चालू होते. मी तिला म्हणालो, आता कशालाही हात लावू नकोस, उद्या दुकानात दाखवू. ते बोललो नसतो तर तिनं स्वतःच सेटिंग पूर्ववत केलं असतं आणि दहा मिनिटांत विषय संपला असता, हे आता कळतंय.

दुकान आमच्या ओळखीतलं नव्हतं. बाहेर मोठी पाटी, आत काउंटरवर चार-पाच उघडे लॅपटॉप, एका टेबलावर मायक्रोस्कोप. सोमवारी दुपारी चार-सव्वाचारला आम्ही पोहोचलो. लेकीनं काहीही लपवलं नाही. “दादा, मी बायोसमध्ये साटा मोड बदलला, त्यानंतर असं झालं,” हे तिनं शब्द न् शब्द सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, लॅपटॉप एकदा चालू करून पाहिला आणि मान हलवली. “तेच तर झालंय साहेब. सेटिंग चुकीचं पडलं की मदरबोर्डवर लोड येतो, चिप उडते. पोरं यूट्यूबवर बघतात आणि करतात.” लेकीची मान खाली गेली. मीही तिच्याकडं जरा रागानंच बघितलं. तिथंच त्याचं काम झालं. घरातलंच माणूस ‘चूक माझी’ म्हणत उभं असल्यावर समोरच्याला प्रश्न विचारायची हिंमत राहत नाही.

मग आकडा आला. नवीन बोर्ड बावीस हजार. मी गप्प बसलो तसं तो म्हणाला, “एवढा खर्च कशाला करताय, मी चिप लेव्हलला करून देतो, साडेसात हजारांत.” बावीसवरून साडेसात म्हणजे उपकारच वाटले. घासाघीस करून सात हजारांवर ठरलं, दोन हजार तिथंच यूपीआयनं दिले. पावती मागितली तर म्हणाला, काम झाल्यावर पूर्ण बिल देतो. मी पतसंस्थेत नोकरी करतो, रोज पावत्या फाडतो. तरी त्या दिवशी मी पावतीसाठी अडून बसलो नाही.

मंगळवारी त्यानं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. हिरव्या बोर्डवर एका चिपेच्या कडेला काळा डाग. खाली लिहिलेलं, ‘ही चिप जळाली आहे, मागवली आहे.’ गुरुवारी संध्याकाळी लॅपटॉप मिळाला. विंडोज चालू, डेस्कटॉपवरच्या फाइल जशाच्या तशा. आम्ही हात जोडून आभार मानले आणि उरलेले पाच हजार दिले. बिल मात्र ‘प्रिंटर बंद आहे’ म्हणून त्याही दिवशी मिळालं नाही. त्यानं मेसेज तेवढा केला, ‘बोर्ड रिपेअर डन, ७००० रिसीव्ड’. तो मेसेज मी पुसला नाही, हे नशीब.

पंधरा दिवसांनी लेक म्हणाली, लॅपटॉप फार हळू चालतोय. तिनं टास्क मॅनेजर उघडून मला मेमरीचं, म्हणजे रॅमचं पान दाखवलं. ८ जीबी. खाली, दोनपैकी एकच स्लॉट वापरात. आमच्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी होती. मूळची ८ आणि दिवाळीत बिल घेऊन टाकलेली आणखी ८.

आणि मग तिला तिचे फोटो आठवले. सेटिंग बदलण्याआधी तिनं बायोसच्या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, काय कुठं होतं ते लक्षात राहावं म्हणून. पहिल्या फोटोत सिस्टिम इन्फर्मेशनचं पान, मेमरी इन्स्टॉल्ड १६३८४ एमबी (म्हणजे १६ जीबी), खाली दोन्ही स्लॉटपुढं ८१९२. दुसऱ्या फोटोत साटा ऑपरेशन, ‘रेड ऑन’वर खूण. आम्ही तिथल्या तिथं लॅपटॉप बंद करून पुन्हा एफ-टू दाबलं. मेमरीपुढं ८१९२, दुसरा स्लॉट रिकामा. आणि साटा ऑपरेशनवर खूण परत ‘रेड ऑन’ला. म्हणजे त्यानं काय केलं होतं ते समोर होतं. लेकीनं जे बदललं म्हणून सांगितलं, तेच त्यानं उलटं फिरवलं आणि रॅमची एक पट्टी काढून घेतली.

तरी मला शंका होतीच, की चिपही बदलली असेल आणि सेटिंगही. म्हणून साताऱ्याच्या एका जुन्या मेकॅनिककडं गेलो. त्यांनी आमच्यासमोर मागचं झाकण काढलं. आमचा बोर्ड काळा आहे. व्हॉट्सअॅपवरच्या फोटोतला हिरवा होता. बोर्डवर कुठंही नव्यानं सोल्डरिंग केल्याची खूण नाही, त्यासाठी लावतात त्या फ्लक्सचा चिकटपणा नाही. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं, तुम्हीच बघा म्हणाले. रॅमच्या रिकाम्या स्लॉटवर धूळसुद्धा बसलेली नव्हती.

मग त्यांनी विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही उघडली. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथं ६००५ क्रमांकाच्या नोंदी शोधल्या. विंडोज सुरू होताना ही नोंद आपोआप पडते, तारीख-वेळेसकट. आम्ही लॅपटॉप दिला त्या सोमवारची नोंद होती, दुपारी ४ वाजून ३७ मिनिटांची. आम्ही दुकानातून निघालो आणि एसटी स्टँडवर पोहोचेपर्यंत आमचा ‘बोर्ड गेलेला’ लॅपटॉप चालू झाला होता. मंगळवारी आणि बुधवारी एकही नोंद नाही. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा एक, आम्हाला चालू करून दाखवला तेव्हाची. मेकॅनिकनी तपासणीचे तीनशे घेतले, लेखी पावती देऊन.

नेमकं काय बिघडलं होतं, तेही त्यांनी समजावलं. विंडोज टाकलं जातं तेव्हा डिस्क ज्या पद्धतीनं जोडलेली असेल, तिचाच ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) सुरुवातीला चालू ठेवला जातो. आमच्याकडं इंटेल आरएसटीचा होता. बायोसमध्ये मोड एएचसीआय झाला, की चालू होताना विंडोज जुन्याच ड्रायव्हरनं डिस्क शोधतं, ती सापडत नाही आणि निळा पडदा येतो. डिस्क चांगली, बोर्ड चांगला, डेटा जागेवर. सेटिंग परत फिरवलं की गाडी रुळावर. मोड खरोखरच बदलायचा असेल, तर आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून ‘सेफ बूट’वर टिक करायची, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन मोड बदलायचा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यायचं, की ते नवा ड्रायव्हर स्वतः घेतं. मग टिक काढून टाकायची. लेकीनं नंतर असंच केलं, उबुंटू आता चालू आहे.

मी त्यांना विचारलं, मग बायोसमध्ये पोरांनी हात लावला तर काहीच धोका नाही का? आहे, म्हणाले. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली किंवा कुणी बटण दाबून बंद केलं, तर लॅपटॉप खरोखर आडवा पडू शकतो. मग आठ पायांची बायोसची चिप प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राला लावून पुन्हा लिहावी लागते, आणि ते काम खरंच दुकानातलं आहे. बायोसला पासवर्ड टाकून विसरलं, तरी अडचण होते. सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सेटिंगना हात लावला, तर ज्यांच्या विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद ठेवणारी बिटलॉकर ही सोय) चालू आहे त्यांना सुरू होताना बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेक वेळा आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण लॅपटॉप अडल्यावर शोधत बसण्यापेक्षा आधीच वहीत उतरवून ठेवावी. ही की मागितली गेली की ‘हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल’ असं सांगणारेही भेटतात, आणि फॉरमॅट मारला की डेटा कायमचा गेला. आमच्याकडं एन्क्रिप्शन बंद होतं, म्हणून तेवढ्यातून वाचलो. पण साटाचा मोड बदलल्यानं ‘बोर्डवर लोड येऊन चिप उडते’, हे साफ खोटं. त्या सेटिंगचा बोर्डाच्या व्होल्टेजशी संबंध नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पैशांचं नाही. ते पंधरा दिवस माझी पोरगी लॅपटॉपला हात लावायला घाबरत होती. प्रॅक्टिकल मैत्रिणीच्या मशीनवर करत होती. कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरीला एका माणसानं सात हजारांसाठी पटवून दिलं, की तू हात लावलास की मशीन जळतं. आणि मी तिचा बाप, त्याच्या शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. मी तिची माफी मागितली आहे.

दुकानात परत गेलो तेव्हा सगळं छापून नेलं होतं. बायोसचे दोन्ही फोटो, ६००५च्या नोंदीचा स्क्रीनशॉट, हिरवा बोर्ड, काळा बोर्ड. त्यानं आधी रॅमचं धरलं. “ती जळाली होती, काढून टाकली.” जळालेली पट्टी दाखवा म्हटलं तर कचऱ्यात गेली म्हणाला. ग्राहक थांबून ऐकायला लागले तसं ड्रॉवरमधून एक ८ जीबीची पट्टी काढून दिली. ती आमची नाही, दुसऱ्याच कंपनीची आहे. दिवाळीतल्या बिलावर आमच्या पट्टीचा सिरियल नंबर आहे, तो जुळत नाही. सात हजारांचं नाव काढल्यावर म्हणाला, “लॅपटॉप चालू करून दिला का नाही? मग?”

त्याच रात्री राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यांनी तक्रार क्रमांक दिला, दुकानाला कळवलं, दुकानानं दाद दिली नाही. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती मध्यस्थी करते, हे तिथल्या बाईंनी नीट सांगितलं आणि पुढं जिल्हा ग्राहक आयोगाकडं जायला सुचवलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयच्या दोन नोंदी, त्याचा ‘बोर्ड रिपेअर डन’ हा मेसेज आणि साताऱ्याच्या मेकॅनिकची पावती आहे. तक्रारीचा मसुदा लेकीनं टाइप केला आहे, याच लॅपटॉपवर. हिरव्या बोर्डाचा फोटो आणि आमच्या काळ्या बोर्डाचा फोटो तिनं एकाच पानावर शेजारी शेजारी लावलेत. येत्या सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकून तो द्यायला साताऱ्याला जातोय. ती म्हणाली, कॉलेज बुडालं तरी चालेल पप्पा, मी पण येणार.