परीक्षेशिवाय महारेराचं सर्टिफिकेट काढून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा

इस्टेट एजंट मंडळींसाठी लिहितोय, त्यातही ज्यांचं महारेराकडचं (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) रजिस्ट्रेशन २०१७-१८ पासूनचं आहे आणि सर्टिफिकेट नाही म्हणून आता सस्पेंड झालंय त्यांच्यासाठी जास्त. "जुन्या एजंटांना परीक्षा माफ आहे, फक्त ट्रेनिंग करा" असं कोणी सांगितलं तर तिथूनच उलटे फिरा. अशी माफी कोणालाच नाहीये. दहा वर्षं धंदा करा नाहीतर तीस वर्षं.

नियम तसा साधा आहे. महारेरानं जानेवारी २०२३ मध्ये ऑर्डर काढली की एजंटनं २० तासांचं ट्रेनिंग घ्यायचं, मग परीक्षा द्यायची, पास झालं की सक्षमता प्रमाणपत्र मिळणार आणि ते आपल्या प्रोफाइलला अपलोड करायचं. मुदत वाढत वाढत शेवटी १ जानेवारी २०२४ वर आली. त्यानंतर सर्टिफिकेटशिवाय नवीन रजिस्ट्रेशन पण नाही आणि रिन्यूअल पण नाही, आणि २०२४ मध्येच जवळपास २० हजार एजंटांची रजिस्ट्रेशन्स सस्पेंड झाली. माझं त्यातच गेलं. बिल्डरच्या ऑफिसात सेल्सला बसणाऱ्या पोरांना पण हे सर्टिफिकेट लागतं, म्हणजे एकदम सगळ्यांचीच धावपळ, आणि अशा गर्दीत हात मारणारे येतातच.

आमच्या सीपी (चॅनल पार्टनर, म्हणजे बिल्डरचे फ्लॅट विकणारे एजंट) ग्रुपवर एका क्लासची जाहिरात आली. ऑफिस पुण्यात वाकडला, खाली मिसळवाला, वर काचेची केबिन, भिंतीवर फ्लेक्स. एका मोठ्या संस्थेशी टायअप आहे म्हणाला, तिचा लोगो पण फ्लेक्सवर होता. आणि क्लास खरंच झाला बरं का, खोटं नाही बोलणार. शिकवणारा माणूस हुशार होता, कार्पेट एरिया कसा मोजायचा, ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर १० टक्क्यांच्या वर पैसे घेऊ शकत नाही, कलम १० प्रमाणे रजिस्टर नसलेला प्रोजेक्ट एजंटनं विकायचाच नाही, सगळं बरोबर सांगितलं त्यानं. त्यामुळेच शंका घ्यायला जागा उरत नाही. समोर पंचवीस-तीस एजंट वह्या काढून बसलेत, चहा फिरतोय, मध्येच कोणीतरी क्लायंटचा फोन घ्यायला बाहेर जातंय, कोणाला वाटेल हे नाटक आहे?

शेवटी एक गूगल फॉर्म भरायला दिला आणि म्हणे हीच तुमची परीक्षा, अनुभवी एजंटांना इंटर्नल असेसमेंट चालतं, वरून तसं पत्र आलंय. पत्र दाखवा म्हटलं तर मोबाइलवर लांबूनच एक पीडीएफ दाखवली आणि फोन खिशात. आधी १२ हजार घेतलेच होते, मग "अपलोडिंग चार्जेस" म्हणून अजून ४ हजार, ते पण यूपीआयवर कुठल्यातरी बाईच्या नावाच्या खात्यात, पावती नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे महारेराचा लॉगिन आयडी-पासवर्ड मागून घेतला, सर्टिफिकेट आम्हीच चढवतो म्हणून. हे कोणालाच देऊ नका राव, त्यात आपलं पॅन, आधार, पत्ता सगळं असतं.

आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर सर्टिफिकेट आलं. नाव, फोटो, नंबर, क्यूआर कोड, काही कमी नाही. पुनावळ्याच्या एका साइटवर माझा क्लायंट टूबीएचकेला फायनल झाला होता, ६८ लाखाचा फ्लॅट, २ टक्के ब्रोकरेज म्हणजे एक लाख छत्तीस हजार. कागद घेऊन गेलो तर बिल्डरकडच्या सोर्सिंगच्या (एजंटांचं काम बघणाऱ्या) मॅडमनी कोड स्कॅन केला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. सरकारी साइट उघडलीच नाही, गूगल ड्राइव्हवर ठेवलेली तीच पीडीएफ उघडली. मॅडम म्हणाल्या, "सर, असं हे आमच्याकडे तिसरं आलंय." क्लायंटनं फ्लॅट घेतला, माझं इन्व्हॉइस मात्र त्यांनी घेतलं नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. रजिस्ट्रेशन चालू नसताना व्यवहार केला तर कायद्यात दिवसाला १० हजार दंड आहे, कोण कशाला अंगावर घेईल.

क्लासवाल्याला फोन केला तर सुरुवातीला सर्व्हर डाउन, मग साहेब रजेवर, मग नंबरच बंद. वाकडच्या केबिनमध्ये आता टूर्सवाला बसतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, पण तिथं पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते अडवता येतात, मी केला तेव्हा खातं रिकामं होतं. पोलीस चौकीत "तुम्ही स्वतःच पैसे दिलेत ना, सिव्हिल मॅटर आहे" म्हणून वाटेला लावत होते, मग खोटं सरकारी सर्टिफिकेट बनवलंय हे पहिल्याच ओळीत टाकून अर्ज परत लिहिला तेव्हा कुठं पोच मिळाली.

नंतर खरी परीक्षा दिली. ट्रेनिंग देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी महारेराच्या वेबसाइटवरच आहे, क्लासचं नाव त्यात बघायचं, "टायअप आहे" हे ऐकून घ्यायचंच नाही, ज्या संस्थेचं नाव घेतात तिथं सरळ फोन लावून विचारायचं. परीक्षा आयबीपीएस घेते, बँकांच्या परीक्षा घेणारे तेच. केंद्रावर जाऊन कॉम्प्युटरवर द्यावी लागते, हॉल तिकीट येतं, घरून मोबाइलवर होत नाही. पासिंगला ४० टक्के लागतात. माझ्या शेजारी साठीच्या पुढचे एक काका बसले होते, आरामात सोडवत होते, सुटेल की नाही म्हणून घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

त्या वाकडच्या क्लासला अजून कोणी पैसे दिले असतील तर यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि ती पीडीएफ डिलीट करू नका, मला मेसेज करा. आम्ही चौघं आहोत, पोलीस आयुक्तालयात एकत्र अर्ज द्यायचाय.