वैज्ञानिक स्त्रियांच्या चरित्रांचा संच : सुरुवात अन्ना मणींपासून करा

पाच पुस्तकं, प्रत्येकी ३२ पानं, वयोगट नऊ ते तेरा. मुलगी सहावीत आहे, तिच्यासाठी घेतली आणि आधी मीच वाचून काढली. मी डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासते. त्यामुळे अशी पुस्तकं हातात आली की मी एकच गोष्ट बघते : या बाईंनी टेबलाशी बसून नेमकं काम काय केलं, ते पोरांना कळतं का?

अन्ना मणींच्या पुस्तकात ते फार सुरेख कळतं. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्यांच्या कुड्या देऊ केल्या, तर पोरीने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला, हा किस्सा सगळेच सांगतात. इथे पान उलटलं की आपण थेट बेंगळुरूला, सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत. अन्ना तीसहून जास्त हिऱ्यांचे वर्णपट तपासतायत. एकेका फोटोप्लेटवर पंधरा-वीस तास प्रकाश पडू द्यावा लागायचा, म्हणून कधीकधी तिथेच झोपतायत. एवढं करूनही एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. लेखिका हे दोन ओळींत सांगते आणि आपल्याला १९४८ च्या पुण्यात, हवामान खात्यात घेऊन येते. हवामानाची उपकरणं बाहेरून मागवावी लागू नयेत, म्हणून अन्ना मणींनी जवळपास शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रं तयार करवून घेतली.

मधल्या जोडपानावर पर्जन्यमापक उभा चिरून दाखवलाय. वर नरसाळं, खाली बाटली, आणि पडलेलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तोंड अरुंद. मुलीने ते बघून कोल्ड्रिंकची बाटली कापली, वरचा भाग उलटा बसवला, बाजूला पट्टी चिकटवली. पावसाळाभर कालनिर्णयच्या चौकोनांत तिने मिलिमीटर लिहिले. चरित्र वाचून मूल स्वतः मोजायला लागलं, याहून मोठी पावती मी काय देऊ?

जानकी अम्मल यांचं पुस्तकही मनापासून आवडलं. आम्ही उसाच्या पट्ट्यातले. ‘को ८६०३२’ हे उसाच्या जातीचं नाव इथल्या पोरांना तोंडपाठ असतं, पण त्यातला ‘को’ कोइम्बतूरचा, हे कुणी सांगत नाही. तिथल्याच ऊस पैदास केंद्रात जानकी अम्मल यांनी गुणसूत्रांचा अभ्यास केला, उसाचा संकर चक्क मक्याशी करून पाहिला. मुलगी हे वाचून आजोबांकडे धावली. मग फडाच्या बांधावर बसून दोघांची बराच वेळ चर्चा चालली होती. चित्रं इथे जरा गर्दीची झालीत, पण चालतंय.

कमला सोहोनींच्या पुस्तकावर मात्र माझा राग आहे, कारण माझ्या सर्वांत जवळची बाई ती. निम्मं पुस्तक १९३३ च्या नकारावर खर्ची पडलंय. तो सांगायलाच हवा. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली मुलगी, केवळ मुलगी म्हणून रामन तिला बेंगळुरूच्या संस्थेत घेत नाहीत. ती मागे हटत नाही आणि वर्षभराच्या अटीवर का होईना, प्रवेश मिळवते. पण मग पुढे? केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींतलं साइटोक्रोम सी दाखवून दिलं, म्हणजे पेशीला श्वसनासाठी लागणारा पदार्थ. १९३९ साली पीएच.डी. मिळाली, आणि प्रबंध अवघा चाळीस पानांचा! पुस्तकात यातलं उरलंय एवढंच : ‘त्यांनी बटाट्यावर संशोधन केले.’ नीरेवरच्या, म्हणजे ताडाच्या ताज्या रसावरच्या, कामाला अर्धी ओळ. आरे दूध योजनेला दर्जा सुधारण्यासाठी त्यांनी सल्ला दिला, त्याचा उल्लेखही नाही. उतारवयात ग्राहकांसाठी भेसळीविरुद्ध त्यांनी एवढं लिहिलं, तेही नाही. रामन यांनी काय केलं ते मुलांना कळतं, कमलाबाईंनी काय केलं ते कळत नाही. हे मला फार लागलं.

शेवटी मीच वाटीभर दूध उकळून गार केलं, त्यात थोडं पीठ कालवलं आणि आयोडीनचे दोन थेंब टाकून दाखवले. दूध निळं झालं. भेसळ अशी पकडतात, हे एक पान त्या पुस्तकात सहज बसलं असतं.

डॉ. आनंदीबाई जोशींचं पुस्तक हळवं आहे, पोरं रडतात. प्रबंधाचा विषय बाळंतपणाचं शास्त्र होता, आणि कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांचा विभाग त्यांच्या हाती येणार होता, हे दोन्ही त्यात आहे, त्याबद्दल आभार. मारी क्युरींचं ठीक. टनावारी पिचब्लेंड नावाचं खनिज उपसून हाती एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड आलं, तो भाग चांगला रंगलाय.

संच चारशे रुपयांना पडला. घ्याच. कमलाबाईंचं पुस्तक वाचताना घरातलं मोठं माणूस शेजारी असू द्या, आणि आयोडीनची बाटली जवळ ठेवा. प्रकाशकांना माझी विनंती आहे : पुढच्या आवृत्तीत त्यांच्यासाठी आठ पानं वाढवा, किंमत वाढली तरी मी पुन्हा घेईन. शाळेच्या वाचनालयासाठी घेणार असाल तर आधीच शिवून घ्या, मधल्या पिना लवकर सुटतात.