भाभाट्रॉन-२ : लिनॅकवाल्यांनी नाक मुरडायच्या आधी वाचा

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे रेडिएशनचा डोस मोजणारा-आखणारा, तालुक्याच्या ठिकाणी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. भाभाट्रॉन-२ हे कॅन्सरला रेडिएशन देणारं कोबाल्टचं मशीन. कोबाल्टवर काम करतोय म्हटलं की लिनॅकवर, म्हणजे विजेवर एक्स-रे तयार करणाऱ्या मशीनवर, काम करणारे बॅचमेट लगेच "अरे अजून कोबाल्ट?" करतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मशीन डिझाइन केलंय बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्र), बनवते बंगळुरूची पॅनेशिया कंपनी. पहिलं भाभाट्रॉन खारघरला अॅक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, बसलं, पुढे भारताने व्हिएतनामलाही एक भेट दिलं. आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० (हाच सोर्स), तो लाइट असो नसो गॅमा किरण सोडत राहतो, वीज फक्त त्याला पुढे-मागे करायला आणि गँट्री (पेशंटभोवती फिरणारा हात), टेबल हलवायला लागते. त्यात बॅटरी बॅकअप आहे, त्यामुळे आमच्याकडे दुपारी लाइट गेली तरी पेशंट टेबलावर ताटकळत नाही. लिनॅक म्हणजे जावई, त्याला एसी पाहिजे, चिलर पाहिजे, व्होल्टेज जरा हललं की रुसला. कॉलिमेटर, म्हणजे किरणांची चौकट लहान-मोठी करणारा भाग, पूर्ण मिटतो हेपण मला आवडतं, सेफ्टीसाठी चांगलंय.

आता खोट. ही कंपनीची नाही, कोबाल्टचीच. सरासरी एनर्जी १.२५ एमईव्ही, म्हणजे १०x१० सेंमीच्या फील्डला (किरण पडतात तो चौकोन) १० सेंमी खोलीवर डोस उरतो कमालच्या साधारण ५६ टक्के, ६ एमव्ही लिनॅकला तोच ६७ च्या आसपास. जाड पेशंटचा पेल्विस (ओटीपोट) असेल तर प्लॅन करताना घाम फुटतो, आणि जास्तीत जास्त डोस त्वचेखाली अर्ध्या सेंमीवरच पडतो त्यामुळे कातडी जास्त काळवंडते. सोर्स दीड-दोन सेंमी व्यासाचा असल्याने फील्डची कडा पण पसरट. वरवरच्या गाठींना लागतो तो इलेक्ट्रॉन बीम नाहीच. पण आमच्याकडे निम्मे पेशंट तंबाखूवाले, तोंडाचे आणि घशाचे, नाहीतर हाडात पसरलेलं, दुखणं कमी करायला ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे डोसचं एकक) एक शॉट देऊन घरी. त्यांना हे मशीन पुरतं, खरंच पुरतं.

फिजिसिस्टला काम काय, तर रोज सकाळी लेझर, दाराचा इंटरलॉक (दार उघडलं की किरण बंद), टायमर, झोन मॉनिटर (खोलीतलं रेडिएशन दाखवणारा) तपासायचा. महिन्याला पाण्याच्या फँटममध्ये (शरीराच्या जागी ठेवायची पाण्याची टाकी) ०.६ सीसीचं डोस मोजायचं चेंबर बुडवून आउटपुट काढायचं, तापमान आणि हवेच्या दाबाची दुरुस्ती लावून. सोर्स महिन्याला साधारण १ टक्का उतरतो, हाफ लाइफ सव्वापाच वर्षं, म्हणजे नव्या सोर्सवर जे फील्ड २ मिनिटांत व्हायचं ते सव्वापाच वर्षांनी ४ मिनिटं घेतं, आणि म्हातारा माणूस मास्क लावून ४ मिनिटं हलायचं नाही म्हटल्यावर काय होतं ते विचारू नका. सोर्स म्हातारा झाला की ओपीडीची लाइनपण लांबते, मॅनेजमेंटला मात्र हे दरवर्षी नव्याने समजवावं लागतं.

करिअरसाठी विचाराल तर एमएस्सी फिजिक्स, मग डिप आरपी (रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा), मग वर्षभराची इंटर्नशिप आणि आरएसओचं (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) अप्रूव्हल, एवढा रस्ता चालून आलेल्या पोराने निदान वर्षभर कोबाल्टवर काढावंच. इथे ट्रीटमेंट टाइम हाताने काढता येतो, सॉफ्टवेअरने दिलेला आकडा चुकीचा वाटतो का ते पोटातून कळायला लागतं. पेपर मात्र छापून येणार नाहीत, रिसर्च करायचा असेल तर लिनॅक असलेल्या मोठ्या सेंटरला जावंच लागतं, तिथे कोबाल्टचा डेटा कोणी बघत नाही. पगाराचं बोलत नाही.

५ पैकी ३.५. घेणार असाल तर ऑर्डरच्या आधी बंकरच्या (मशीनच्या खोलीच्या) भिंती, एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळ) लायसन्स आणि सोर्स पुरवणाऱ्या सरकारी ब्रिटकडून सोर्सची तारीख हे तिन्ही पक्कं करा, आणि जुना सोर्स परत पाठवायचा खर्च पहिल्याच बजेटमध्ये टाका, कारण २०१० ला दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाने विकलेल्या जुन्या इरॅडिएटरमधला (संशोधनासाठी गॅमा किरण देणारं यंत्र) कोबाल्ट भंगारात पोचला आणि त्यात एक माणूस गेला.