सेल्फ घरीच बदलला, त्याला आठ महिने झाले

गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, आठ महिन्यांपूर्वी मी स्वतः बदलला. कोरा करकरीत नाही, जुना उघडून दुरुस्त करून विकतात तसला घेतला होता. तो आजही पहिल्या झटक्यात इंजिन फिरवतो, हे आधीच सांगून टाकतो. पण मधे तिसऱ्या महिन्यात मी त्याला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या, आणि त्या त्याच्या वाट्याच्या नव्हत्या. हे लिहायला बसलो ते मुख्यतः त्यासाठी.

सुरुवात नेहमीसारखीच. किल्ली फिरवली की एकच ‘टक्’, पुढे शांतता. बॅटरी उतरली असली तर सहसा टकटकटक अशी माळ लागते, कारण सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) ओढतो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढतो. इथे एकच ठाम आवाज, दिवेही मंद होत नव्हते, बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट. मुलाला किल्लीवर बसवलं, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि वरूनच एक लांब लाकडी दांडा घालून स्टार्टरच्या अंगावर दोन टपल्या दिल्या. आतून ओरडला, ‘बाबा, लागली!’ टपलीने लागते याचा अर्थ बहुतेक वेळा कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासून करंट देणारे तुकडे, संपत आलेत. धक्क्याने ते हलून कम्युटेटरला (त्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्याला) टेकतात. (हातोडी वापरू नका. आत कायमचे चुंबक असलेली मोटर असेल तर ते तडकतात.)

तेव्हा घरात आणखी एक तक्रार चालू होती. बायको म्हणत होती, क्लच जड झालाय. मी म्हटलं, गाडी जुनी झाली, केबल आहे, होतं असं. हे वाक्य लक्षात ठेवा.

काढायचं काम कागदावर तीन ओळींचं. बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, वायरी काढा, दोन बोल्ट. यातली पहिली ओळ मात्र कंटाळा करण्यासारखी नाही. स्टार्टरवरची जाड केबल बहुतेक गाड्यांत बॅटरीतून थेट येते, मधे फ्यूज नाही, किल्ली बंद असली तरी जिवंत. पाना तिथून बॉडीला टेकला तर पाना वेल्ड होतो. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही. स्टँड लावायचे, मागच्या चाकांना उटी द्यायची.

खालचा बोल्ट दोन मिनिटांत सुटला. वरच्याने दीड तास घेतला. तो दिसतच नाही. डावा हात कोपरापर्यंत आत घालून बोटांनी त्याचं डोकं चाचपायचं, दुसऱ्या हाताने लांब एक्स्टेंशनवर सॉकेट पुढे सरकवायचा, बोटांच्या टोकांना तो बसल्याचं कळलं की हात बाहेर काढून रॅचेट लावायचा. चार वेळा सॉकेट निसटला. पाचव्यांदा ‘कर्र’ असा आवाज आला आणि मला वाटलं बोल्ट तुटला; पण सुटला होता. तेवढ्या आनंदात मोटरला आधार द्यायचं विसरलो. तीन-चार किलोचा तो लोखंडी गोळा थेट मनगटावर. निळा डाग दोन आठवडे होता.

बसवण्याआधी जुना आणि नवा शेजारी ठेवून बघितले: पिनियनचे (टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात मोजले, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, पुढच्या नाकाची लांबी. दुरुस्त केलेल्या मालात चुकीचा तुकडा येऊ शकतो, आणि ते गाडीखाली आडवं पडल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. बहुतेक गाड्यांत मोटरला अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट, स्वतःच्या अंगातूनच, बेलहाउसिंगला (गिअरबॉक्सच्या इंजिनकडच्या तोंडाला) टेकलेल्या पृष्ठभागातून मिळतो. माझ्या तुकड्यावर नेमका तिथेच चकचकीत काळा रंग मारला होता. दिसायला छान, विजेला अडथळा. पॉलिश पेपरने धातू उघडा केला. जाड केबलचा नट घट्ट करतानाही जरा जपून. स्टड (नट बसतो ती आट्यांची खुंटी) प्लास्टिकच्या टोपीत बसलेला असतो, जास्त पिळला तर तोच फिरतो.

किल्ली फिरवली आणि गाडी लागली. आवाज जुन्यापेक्षा बारीक, पण इंजिन फिरण्याचा वेग स्पष्ट जास्त. जुना सेल्फ उत्सुकतेपोटी उघडला. आतून मूठभर काळी भुकटी पडली. एक ब्रश झिजून होल्डरमध्येच तिरका अडकला होता, त्याची स्प्रिंग हवेत दाबत होती. म्हणजे निदान बरोबर होतं. मी खूश.

अडीच महिने काही तक्रार नाही. मग हळूहळू सेल्फ ओढून ताणून फिरायला लागला, विशेषतः थंड इंजिनवर. साहजिकच मनात आलं, दुरुस्त केलेला माल, फसलो. परत करायची तयारी म्हणून मीटर काढला, नाहीतर काढलाही नसता. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला म्हणजे इंजिन फिरेल पण लागणार नाही, आणि मुलाला सांगितलं, पाच सेकंदच. १९१२ च्या कॅडिलॅकसाठी चार्ल्स केटरिंगने इलेक्ट्रिक सेल्फ बसवला तेव्हाची युक्ती हीच होती की मोटरला काही क्षणच राबायचंय, म्हणून एवढ्याशा मोटरवर भरमसाट करंट सोडता येतो. आपण अर्धा मिनिट किल्ली धरून बसलो की ती भाजते.

इंजिन फिरत असताना बॅटरीवर १०.६ व्होल्ट. चांगले. बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या स्टडपर्यंत ०.२. तेही चांगलं. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकवर: ०.९! हा आकडा ०.२ च्या आसपास हवा. म्हणजे मोटरच्या वाट्याचा जवळपास एक व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होता.

ही परतीची वाट म्हणजे गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी विणलेली अर्थची पट्टी. ती वरून ठीकठाक दिसत होती. बोल्ट काढला तर खाली गंजाचा पापुद्रा, आणि पट्टीच्या टोकाच्या अर्ध्या तारा हातात आल्या. नवी पट्टी, दोन्ही टोकांना घासून उघडा केलेला धातू, वरून थोडं ग्रीस. आकडा ०.१ वर आला आणि सेल्फ पहिल्या दिवसासारखा फिरला.

त्यामुळे तुमचा सेल्फ कुरकुरत असेल तर पाना उचलायच्या आधी ही मोजणी करा, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या बाबतीत ब्रशही संपले होते, म्हणून मोटर बदलणं वाया गेलं नाही. पण पट्टी तेव्हाही खराबच असणार. नव्या मोटरने जोर लावून ते तीन महिने झाकलं, एवढंच.

दुरुस्त केलेल्या सेल्फविषयी मत विचाराल तर परत घेईन, रंगाचं सोडून तक्रार नाही. पुन्हा घरी बदलेन का? वरचा बोल्ट आठवला की हो म्हणायला जरा वेळ लागतो.

क्लचची केबल मात्र गेल्या महिन्यात बदलावी लागली. अर्थची पट्टी तुटत आली तेव्हा सेल्फचा करंट गिअरबॉक्सवरून बॉडीकडे जायला दुसरी वाट शोधत होता, आणि त्याला हीच केबल सापडली होती. जुनी बाहेर काढली तेव्हा आतलं प्लास्टिकचं अस्तर एका जागी वितळून तारेला चिकटलेलं होतं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, मी तेव्हाच सांगितलं होतं.