डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वशास्त्राचे एम. ए. : शिक्षण, क्षेत्रकार्य आणि पुढची वाट

पुण्यात येरवड्याच्या बाजूला असलेल्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्राचे दोन वर्षांचे एम. ए. करावे की नाही, हा प्रश्न पदवीचा निकाल लागला की अनेक विद्यार्थी आणि त्यांच्याहून अधिक काळजीने त्यांचे पालक विचारत असतात. हा अभ्यासक्रम मी पूर्ण केला आहे आणि त्यानंतरही याच क्षेत्रात काम करत आहे, म्हणून माझे मत सविस्तर नोंदवतो. मातीतला पुरावा वाचायला शिकण्यासाठी महाराष्ट्रात याहून चांगली जागा मला माहीत नाही; मात्र पदवी हाती पडली की नोकरी आपसूक मिळेल, अशा समजुतीने कोणी येथे प्रवेश घेऊ नये.

संस्थेची मुळे १८२१ पर्यंत जातात आणि येरवड्याची दगडी इमारत १८६८ पासून वापरात आहे. टिळक आणि आगरकर येथेच शिकले. परंतु पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला महत्त्वाचे वर्ष आहे ते १९३९. मध्यंतरी बंद पडलेले कॉलेज त्या वर्षी पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया येथे रुजू झाले. लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल या प्राचीन टेकडी-किल्ल्याच्या उत्खननात काम केले होते. ती शिस्त त्यांनी नेवासे, नावडातोली आणि पुढे इनामगाव येथील उत्खननांत मुरवली. मोठमोठ्या वास्तूंपेक्षा सामान्य माणसांच्या वस्त्यांचा अभ्यास करण्याची या विभागाची ओळख त्यातूनच घडली, आणि शिकवण्याच्या पद्धतीतही ती जाणवते.

इनामगावचेच उदाहरण घेतो, कारण या अभ्यासक्रमाचे खरे मोल त्यातून कळते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे ते गाव होते. तेथे राजवाडा नव्हता आणि सोन्याचा हंडाही सापडला नाही. सापडली ती मातीची घरे, चुली, धान्याच्या कणग्यांचे तळ, जळून कोळसा झालेले सातूचे दाणे, जनावरांची हाडे, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुले आणि घोट्याखालचे पाय तोडून पुरलेली मोठी माणसे. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात आणि शिकारीवरचे अवलंबन वाढते. ढवळीकरांनी त्याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. वर्गात हा निष्कर्ष पाठ करून घेतला जात नाही. हाडे कोणत्या थरातली, दाणे कोणत्या खड्ड्यातले, कालमापनासाठी घेतलेला कोळसा चुलीतला की राखेच्या ढिगातला, असे प्रश्न विचारत विद्यार्थ्याला त्या निष्कर्षाच्या पायापर्यंत नेले जाते. दुष्काळाशी झगडणाऱ्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचे जगणे असे पुराव्यानिशी उभे राहताना पाहणे, हा माझ्या शिक्षणातला सर्वांत मोठा लाभ होता, असे मी मनापासून म्हणेन.

हे शक्य होते ते विभागात अनेक शास्त्रे एकाच छपराखाली असल्यामुळे. प्राण्यांच्या हाडांचा, प्राचीन वनस्पतींचा, मानवी सांगाड्यांचा आणि गाळाच्या थरांचा अभ्यास करणाऱ्यांची परंपरा येथे जुनी आहे. प्रवेशासाठी इतिहासाचीच पदवी लागत नाही, कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. माझ्या मते भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकलेल्या मुलांनी याचा अधिक विचार करायला हवा. हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी या संस्थेने केलेल्या उत्खननातील एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळालेल्या प्राचीन डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कामात उत्खनन करणारा आणि प्रयोगशाळेत बसणारा या दोघांना एकमेकांची भाषा समजावी लागते. उलट, केवळ किल्ल्यांच्या आणि लेण्यांच्या ओढीने येणाऱ्याने पहिल्या सत्रात दगडी हत्यारे, नदीचे गाळ आणि हवामानबदल यांचा सामना करायची तयारी ठेवावी. ती ओढ चांगलीच आहे, पण अभ्यासक्रमाचा आवाका तिच्यापेक्षा फार मोठा आहे.

क्षेत्रकार्याबद्दल मात्र हात राखून लिहिणे मला जमणार नाही. उत्खननाच्या साइटवर विद्यार्थी चौकोनी ट्रेंच (खणायचा खड्डा) आखायला, थापी आणि ब्रशने थर वेगळे करायला, ट्रेंचची भिंत सरळ छाटून तिचे रेखाटन करायला, खापरे धुऊन, वाळवून, वर्गवारी करून त्यांवर क्रमांक टाकायला शिकतो. यातले कोणतेही काम पुस्तक वाचून येत नाही. पिवळसर माती संपून करडी कुठे सुरू झाली, हे पहिल्या काही दिवसांत दिसतच नाही. मग अनुभवी मजूर, ज्यांचा हात कित्येक प्राध्यापकांपेक्षा तयार असतो, बोट ठेवून दाखवतात आणि हळूहळू डोळा बसतो. रात्री तंबूत किंवा शाळेच्या खोलीत बसून दिवसाची नोंदवही लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्याने हा व्यवसाय निवडू नये. खणलेला थर पुन्हा भरून आणता येत नाही, त्याची नोंद हाच त्याचा उरलेला पुरावा असतो.

गावोगाव पायी फिरून केलेले सर्वेक्षणही तितकेच महत्त्वाचे. महाराष्ट्रातील कितीतरी पांढरीची टेकाडे खतासाठी माती उचलल्यामुळे आणि सपाटीकरणामुळे नाहीशी होत आहेत. ती वेळेत नोंदवण्यासाठी शिकलेल्या माणसांची गरज आहे, आणि म्हणूनच या शिक्षणाविषयी मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

विभागाचे संग्रहालय आणि संस्थेचे ग्रंथालय ही दोन्ही उत्तम आहेत. शिकवण्याचे माध्यम इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी त्याची धास्ती घेऊ नये, पण लेखनाचा सराव प्रवेशापूर्वीच सुरू करावा.

आता नोकरीविषयी. भारतात कोणालाही आपल्या मर्जीने उत्खनन करता येत नाही, १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे काम मुख्यतः भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्यांची पुरातत्त्व खाती आणि विद्यापीठे यांच्याकडेच राहते. ब्रिटनमध्ये १९९० नंतर बांधकामापूर्वीच्या पुरातत्त्वीय तपासणीचा खर्च विकासकावर टाकला गेला आणि खासगी पुरातत्त्व संस्थांचा मोठा रोजगार उभा राहिला. आपल्याकडे तशी व्यापक पद्धत नाही. केंद्राच्या संरक्षणाखाली सुमारे ३,७०० स्मारके असूनही पदे थोडी आणि त्यांच्या जाहिराती अनियमित, ही वस्तुस्थिती आहे. तिचा दोष कोणत्याही एका अभ्यासक्रमाला देता येत नाही, पण प्रवेश घेताना ती ठाऊक असलीच पाहिजे.

म्हणून तयारी पहिल्या वर्षापासून करावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे. संशोधनाकडे जायचे असेल तर कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती हा पहिला टप्पा समजावा. पुरातत्त्व सर्वेक्षणात अधिकारी व्हायचे असेल तर एम. ए. नंतर ग्रेटर नोएडा येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेची दोन वर्षांची पदविका फार उपयोगी पडते, कारण तेथे उत्खननाबरोबर स्मारकांचे जतन आणि कायदेही शिकवले जातात. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. संग्रहालयांकडे ओढा असणाऱ्यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील संग्रहालयशास्त्राच्या पदविकेची चौकशी करावी. शिवाय जीआयएस (नकाशांवर आधारित संगणकीय माहितीप्रणाली), छायाचित्रांवरून त्रिमितीय नोंद करण्याचे तंत्र आणि मोडी किंवा ब्राह्मी यांपैकी एक तरी लिपी, एवढे स्वतःच्या हिमतीने शिकून घ्यावे. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आहेत. त्यांची काटेकोर नोंद ठेवू शकणारी आणि दुरुस्तीपूर्वी तेथील थर तपासू शकणारी माणसे यापुढे लागणारच.

घरची परिस्थिती अशी असेल की एम. ए. संपताच पगार सुरू झाला पाहिजे, तर मी या अभ्यासक्रमाची शिफारस करणार नाही. पदविका, नेट, पीएच. डी. अशी आणखी काही वर्षे कमी मिळकतीवर काढावी लागतील, हे पालकांशी आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. ती तयारी असेल, उन्हातान्हात आणि धुळीत काम करण्याची प्रकृती असेल आणि एका खापरावर तासभर विचार करताना मन रमत असेल, तर अर्ज अवश्य करावा. तत्पूर्वी वेळेची चौकशी करून विभागाचे संग्रहालय एकदा पाहून यावे आणि तेथे शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याची क्षेत्रकार्याची नोंदवही दाखवण्याची विनंती करावी. दोन वर्षांत नेमके काय करावे लागणार आहे, हे त्या वहीइतके स्पष्टपणे कोणत्याही माहितीपत्रकातून समजत नाही.