जनुकं तपासायची की उंची मोजायची?

परभणीच्या आयसीयूत न्यूमोनियानं फुफ्फुसं सुजलेला (डॉक्टरी भाषेत एआरडीएस झालेला) पेशंट आला की नातेवाईक विचारतात, "सर, शेजारच्या खाटेवरचा सुधारला, मग आमच्या अण्णालाच का असं?" प्रश्न रास्त आहे, आणि उत्तराचा एक धागा जनुकांत आहे. रक्तदाबाशी संबंधित एसीई जनुकाचा 'डी' प्रकार असलेल्यांत एआरडीएसचा आणि त्यानं दगावण्याचा धोका जास्त, असं २००२ च्या अभ्यासात दिसलं. पुढं ते सगळीकडं जुळलं नाही. त्यावरून उपचार आज तरी बदलत नाही.

दुसरीकडं साधी टेप. टाचेपासून डोक्यापर्यंत उंची मोजायची, त्यावरून अपेक्षित वजन काढायचं (खाटेवरचं खरं वजन नव्हे, कारण फुफ्फुसांचा आकार उंचीवर ठरतो!) आणि व्हेंटिलेटरवर किलोमागं १२ ऐवजी ६ मिलिलिटरचा श्वास द्यायचा, म्हणजे सुजलेली फुफ्फुसं जास्त ताणली जात नाहीत. अमेरिकेतल्या २००० च्या चाचणीत यानं मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. माझा कौल टेपला. ती एप्रनच्या खिशातच असते.